कवटीवर ओळखीचे दात

कवटी काढायला बसलं की बहुतेक जण डोळ्यांच्या खोबणींपासून सुरुवात करतात. दोन मोठे काळे गोल, मध्ये नाकाच्या जागी उलटा बदाम आणि खाली भराभर उभ्या रेघा मारून दात उरकलेले. मी दातांपासून सुरुवात करते, कारण माझं कामच ते आहे. शिकागोच्या एका उपनगरात डेंटल लॅबमध्ये मी कॅप, ब्रिज आणि कवळ्या करते. दवाखान्यातून तोंडाचं माप येतं, सोळा छटांच्या पट्टीतला एक क्रमांक येतो आणि ज्याला आपण कधी पाहिलं नाही, पाहणारही नाही, अशा माणसाचा एक दात घडवायचा असतो. तो शेजारच्या दातांशी जुळला पाहिजे. शेजारचा जरासा फिरलेला असेल तर हाही तितकाच फिरवावा लागतो. अगदी सरळ, शुभ्र, नियमाप्रमाणे केलेला दात तोंडात गेला की लगेच खोटा दिसतो.

म्हणून दुकानांतले टी-शर्ट, अंगठ्या, कानातले यांच्यावरच्या कवट्या मला कधी पटल्या नाहीत. त्या सगळ्यांचे दात एकाच साच्यातले असतात. मातीत गेल्यावर सगळे सारखेच, असं त्यातून म्हणायचं असतं, आणि ते ऐकायला खरंही वाटतं. पण मांस, केस, नाकाचा शेंडा, ओठ सगळं गेल्यावरही दात राहतात, आणि ते ज्याचे त्याचेच असतात. एखाद्या मृतदेहाची ओळख पटत नाही तेव्हा अनेकदा दातांच्या नोंदी काढतात. कवटी हे माणसाचं व्यक्तिचित्र होऊ शकतं, अशी माझी खात्री आहे, आणि मी श्रिंक प्लास्टिकवर कवट्यांची पदकं आणि कानातली करते ती या एका खात्रीपोटी.

श्रिंक प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीनचा पातळ पत्रा. त्यावर चित्र काढायचं, कापायचं आणि ओव्हनमध्ये ठेवायचं. मिनिट-दोन मिनिटांत ते आक्रसून लहान, जाड आणि टणक होतं. अमेरिकेत हे 'श्रिंकी डिंक्स' या नावाने घरोघर माहीत आहे. १९७३ साली विस्कॉन्सिनमधल्या ब्रुकफील्ड गावात बेटी मॉरिस आणि केट ब्लूमबर्ग या दोघींनी मुलांच्या स्काउटच्या उपक्रमासाठी काहीतरी शोधताना या खेळण्याला जन्म दिला. ब्रुकफील्ड आमच्याकडून गाडीने दोनेक तासांवर. या प्लास्टिकमागचं शास्त्र मला फार आवडतं. कारखान्यात हा पत्रा गरम असताना ताणतात आणि ताणलेला असतानाच थंड करतात. आतल्या लांबलचक साखळ्या तशाच ताणलेल्या अडकून राहतात. पुढे कधीतरी कुणी तो पत्रा साधारण १०० अंश सेल्सिअसच्या वर तापवला की त्या सुटतात आणि आपल्या मूळच्या वेटोळ्यात परत जातात. वस्तुमान तेवढंच राहतं, त्यामुळे लांबी-रुंदीत जे जातं ते जाडीत येतं. ७ सेंटिमीटरचं चित्र ३ सेंटिमीटरचं होतं आणि पाव मिलिमीटरचा पत्रा सव्वा-दीड मिलिमीटरचा.

त्याबरोबर रेघाही दाट होतात. मिशेल काइन या संशोधिकेने लहानपणचं हे खेळणं आठवून २००७-०८च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मर्सेड इथल्या प्रयोगशाळेत त्याचा उपयोग केला. सूक्ष्म नळ्यांच्या चिपसाठी साचे करायला लागणारी महागडी यंत्रणा हाताशी नव्हती. तिने साध्या लेझर प्रिंटरने या पत्र्यावर रेघा छापल्या आणि पत्रा भाजला. आक्रसताना शाई दाटून वर आली, रेघांचे उंचवटे झाले आणि तोच साचा झाला. मी हे वाचलं तेव्हा मला माझ्या कवट्यांचे दात आठवले. दोन दातांमधली फट दाखवायला मारलेली बारीक रेघ भाजून बाहेर येते तेव्हा किती ठाम झालेली असते!

कवट्यांशी माझी खरी ओळख झाली ती पिल्सनमध्ये. शिकागोच्या या मेक्सिकन वस्तीत नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट आहे. १९८७ पासून तिथे दरवर्षी 'दिया दे लोस मुएर्तोस'चं, म्हणजे १ आणि २ नोव्हेंबरला येणाऱ्या मृतांच्या सणाचं, मोठं प्रदर्शन भरतं. प्रवेश फुकट आहे. लॅबमधली माझी मेक्सिकन सहकारी मला पहिल्यांदा तिथे घेऊन गेली. झेंडूची रास बघून मला दसरा आठवला. त्यांच्याकडे झेंडू मृतांना घराची वाट दाखवतो. फोटोंपुढे त्या त्या माणसाच्या आवडीचं मांडलेलं होतं: कुणाची सिगारेट, कुणाचं कोकाकोला, कुणाचा चष्मा. आणि मधूनमधून साखरेच्या कवट्या. त्यांच्या कपाळावर रंगीत चकचकीत कागदाची पट्टी आणि त्या पट्टीवर नाव.

नाव असलेली कवटी मी तोवर पाहिली नव्हती. तिथे उभी राहून मी कितीतरी वेळ ती नावं वाचत होते.

याच सणाच्या निमित्ताने होसे ग्वादालुपे पोसादा (१८५२–१९१३) कवट्यांची चित्रं काढायचा. आग्वासकालिएन्तेसमध्ये जन्मलेला हा छापखान्यातला चित्रकार. मेक्सिको सिटीत आंतोनियो वानेगास आरोयोच्या छापखान्यासाठी तो स्वस्त, एकपानी पत्रकांवर सापळे कोरायचा: सायकलवर बसलेले, नाचणारे, दारू पिणारे, भांडणारे. हॅट घातलेली त्याची प्रसिद्ध बाई, जिला आज सगळे 'कात्रीना' म्हणतात, ती मुळात खांद्यापर्यंतच होती. तिला अंगभर कपडे आणि पाय दिले ते दिएगो रिवेराने, १९४७ साली पूर्ण झालेल्या भल्यामोठ्या भित्तिचित्रात. १९८५च्या भूकंपात ते चित्र असलेल्या हॉटेलची हानी झाली, चित्र मात्र वाचलं आणि नंतर स्वतंत्र संग्रहालयात हलवलं गेलं. पोसादा स्वतः गरिबीत गेला. आज जगभर त्याच्या चित्रांचे मग आणि पिशव्या विकल्या जातात. मी त्याची चित्रं भिंग लावून पाहिली आहेत. तो दातांना चुकवत नाही. भरघोस, मोठे दात, पार दाढांपर्यंत उघडे. पण त्याला माणसाची तऱ्हा दाखवायची होती: श्रीमंत बाई, शिपाई, दारुडा. मला एकेक माणूस हवा होता.

अंगावर कवटी बाळगायची रीत युरोपातही जुनी आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या होल्बाइनच्या १५३३ सालच्या 'द अँबॅसेडर्स' या चित्रात खाली तिरपी ताणलेली मोठी कवटी आहे आणि ती सगळ्यांना माहीत असते. ज्याँ द दँतव्हील या डावीकडच्या माणसाच्या टोपीवर एक इवलीशी कवटी बिल्ल्यासारखी लावलेली आहे, ती मात्र फार जणांच्या नजरेतून सुटते. सोळाव्या-सतराव्या शतकात तिथले लोक सोन्याच्या अंगठीवर पांढऱ्या मीनाकामाची कवटी घालून हिंडत. मरताना मृत्युपत्रात मित्रांना अंगठ्यांसाठी पैसे ठेवून जायचीही पद्धत होती. शेक्सपिअरने १६१६ मध्ये आपल्या तीन नटमित्रांसाठी तसे ठेवले होते. या अंगठ्या ठसठशीत नव्हत्या. बोटावर मावेल एवढ्याच. कवटी लहान असली की तिच्याशी भय राहत नाही, जवळीक होते. मोठं चित्र भाजून लहान करण्यात मला जी गोडी लागली तिचं कारण हेच असावं.

आपल्याकडे कवटी देवांच्या गळ्यात आहे, माणसांच्या नाही. चामुंडेला मुंडमाळ, शंकराच्या हाती कपाल. वेरूळच्या २१व्या लेण्यात, रामेश्वरात, काल आणि काली हाडांचे सापळे होऊन उभे आहेत. शाळेच्या सहलीत आम्हा मुलींना बाईंनी तिथून भरभर पुढे नेलं होतं. घरात मात्र कवटीचं नावही नको. याचं कारण मला आपल्या अंत्यविधीत दिसतं. जिथे पुरतात तिथे हाडं जमिनीखाली का होईना असतात, ती कधीतरी पुन्हा दिसतात. आपण जाळतो. कपाळमोक्ष झाल्याशिवाय माणसं स्मशानातून परत फिरत नाहीत. तिसऱ्या दिवशी राख सावडायची आणि अस्थी नदीत सोडायच्या. आपल्याकडे कवटी उरू नये हाच तर विधी आहे. मग तिची आठवण कुठून ठेवायची?

माझी आत्या गेली तेव्हा मी इथे होते. भावाने राख सावडली आणि संगम माहुलीला अस्थी सोडल्या. नंतर फोनवर मी त्याला विचारलं, "दात सापडले का रे?" तो गप्प झाला. मला माहीत होतं की चितेच्या आगीत दाताचं वरचं आवरण तडकून उडतं आणि बहुधा मुळंच सापडतात. तरी विचारलं. कारण आत्याचा पुढचा दात मी जगात कुठेही ओळखला असता.

आत्या साताऱ्यात आमच्या घरीच असायची आणि आयुष्यभर तिने ब्लाउज शिवले. धागा तोडायला कात्री कधी घेतली नाही, दातानेच तोडायची. टाचण्याही ओठांत. वर्षानुवर्षं असं केलं की पटाशीच्या दाताच्या कडेला बारीक खाच पडते. शिंपीकाम करणाऱ्यांच्या दातांवर ती दिसते आणि दंतवैद्यकाच्या पुस्तकात तिची चित्रंही असतात. आत्याची खाच वरच्या उजव्या पटाशीला होती. शिवाय ती मशेरी लावायची. हिरडीजवळ दात झिजून पिवळट झालेले आणि फटींत तपकिरी रेघ कायमची बसलेली. हसायची मनापासून, तोंडावर हात न ठेवता.

तिची कवटी मी घासलेल्या पारदर्शक पत्र्यावर केली. चकचकीत पत्र्यावर रंगीत पेन्सिल धरत नाही. ३२० किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने आधी आडवं आणि मग उभं घासून घ्यावं लागतं, की धुरकट, दाणेदार पृष्ठभाग तयार होतो. रंग फिके भरायचे. भाजल्यावर ते एकवटतात आणि आधी जे फिकट हस्तिदंती होतं ते जुन्या दातासारखं पिवळं होतं. भोक आधीच पाडायचं. ऑफिसातल्या पंचचं ६ मिलिमीटरचं भोक अडीच मिलिमीटरचं होतं आणि त्यातून कडी नेमकी जाते. टोकदार कोपरे कात्रीने गोल करून घ्यायचे, नाहीतर आक्रसल्यावर ते गळ्याला टोचतात. आणखी एक. काही पत्रे एका दिशेला जरा जास्त आक्रसतात. कानातल्यांची जोडी असेल तर दोन्ही कवट्या पत्र्यावर एकाच दिशेने काढायच्या, नाहीतर एक लांबोडकी निघते आणि दुसरी बसकी.

खरी अडचण आहे ती मापाची. वरच्या मधल्या पटाशीची रुंदी साधारण साडेआठ मिलिमीटर असते. माणसाची कवटी ३ सेंटिमीटरवर आणायची म्हणजे सातपट लहान. तो दात १.२ मिलिमीटरचा उरणार, म्हणजे कच्च्या चित्रात २.८ मिलिमीटरचा काढायचा. आणि त्याच्या कडेची खाच? ती खऱ्या दातावर मिलिमीटरभर असली तर पदकावर जेमतेम केसाएवढी उरणार. इथे प्रमाण मोडावं लागतं. लॅबमध्ये मी मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी झगडते, पण इथे मी आत्याचे पुढचे चार दात बाकीच्यांपेक्षा मोठे काढले आणि खाच त्याहून मोठी. डोळ्यांच्या खोबणी मात्र जागच्या जागी ठेवल्या, कवटीच्या साधारण निम्म्या उंचीवर. हौशी माणसं त्या फार वर काढतात आणि मग कपाळाला जागा उरत नाही. खोबणी गोलही नसतात, कडा गोलावलेल्या चौकटींसारख्या असतात आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरत्या. एवढं सांभाळलं की कवटी भुताची न वाटता माणसाची वाटते.

ओव्हन साधारण १६० अंश सेल्सिअसला तापलेला हवा. माझा एक लहान टोस्टर ओव्हन गॅरेजमध्ये असतो. त्यात खाण्याचं काही जात नाही आणि भाजताना मी गॅरेजचं दार उघडं ठेवते, कारण पॉलिस्टायरीन जास्त तापलं तर त्याचा धूर चांगला नाही. वर-खाली बेकिंगचा कागद आणि चिमूटभर टाल्कम पावडर, म्हणजे कडा एकमेकींना चिकटत नाहीत. काचेतून बघत राहायचं. पत्रा आधी गप्प पडून राहतो. मग निखाऱ्यावरच्या पापडासारखा एकदम वळवळतो, एक कड उचलतो, स्वतःवरच दुमडायला जातो. नवखी माणसं इथे घाबरून तो बाहेर काढतात. काढू नये. क्षणभरात तो आपोआप उलगडतो आणि सपाट होतो. तेव्हा बाहेर घ्यायचा आणि गरम असतानाच सपाट बुडाच्या कपाने दाबायचा. आत्याची कवटी मी कपाने दाबली नाही. मोठ्या चमच्याच्या पाठीवर टेकवून कपाळाला थोडा बाक दिला. हात भराभर चालवावा लागतो, काही सेकंदांत प्लास्टिक आपला आकार धरून बसतं.

कपाळावर कागदाची पट्टी लावली नाही. बारीक टोकाच्या काळ्या मार्करने आधीच 'ताई' लिहिलं होतं. आम्ही सगळी भावंडं तिला ताईच म्हणायचो, बाबा म्हणायचे म्हणून.

आईला व्हिडिओ कॉलवर ती दिसली तेव्हा तिची पहिली प्रतिक्रिया ठरलेलीच होती. "अगं, काय हे अभद्र! असलं गळ्यात घालून देवासमोर बसू नकोस हं." मी काही न बोलता पदक कॅमेऱ्याजवळ नेलं. आईने चष्मा वर केला, फोन डोळ्यांशी धरला. मग तिचा आवाजच बदलला. "वन्संचा दात तसाच काढलायस गं." आणि मग आई अर्धा तास आत्याबद्दल बोलत राहिली: ती सुपारी कशी फोडायची, लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत तिने आईचा ब्लाउज रात्री जागून कसा शिवला, शेवटच्या आजारपणात पेज पिताना तोच दात कसा दुखायचा. वर्षश्राद्धाला आम्ही सगळे स्क्रीनसमोर बसलो होतो तेव्हा यातलं काहीच निघालं नव्हतं.

त्यानंतर ओळखीच्या काही मराठी घरांतून विचारणा झाली. त्यांच्यासाठी करू लागले तेव्हा लक्षात आलं की आपल्या जुन्या फोटोंत कुणी हसतच नाही. स्टुडिओतल्या खुर्चीवर ताठ बसलेले, ओठ घट्ट मिटलेले आजोबा आणि शेजारी उभी आजी. दात फोटोतून मिळत नाहीत, माणसांकडून घ्यावे लागतात. म्हणून मी आता फोटो मागत नाही, विचारते: दात कसे होते? ऊस सोलून खायचे का? कवळी कधी आली? सुरुवातीला माणसं चाचरतात. आठवत नाही म्हणतात. मग कुणीतरी सांगतं, आजोबा भाकरी दुधात मोडून खायचे. कुणाला आठवतं, काकू हसली की डाव्या सुळ्यावर चढलेला दात दिसायचा, तिला लग्नात त्यावरून नाकारलं होतं आणि काकांना तोच आवडला होता. आमच्या घरी पुढच्या दातांतली फट भाग्याची मानत, तसं बऱ्याच घरांतून ऐकायला मिळतं. खोबणी आणि नाक कुणीच विचारत नाही. सगळं बोलणं दातांवरून पुढे जातं, जेवणावर येतं, मग रागावर, हसण्यावर.

यंदा माझ्या मेक्सिकन सहकारीने तिच्या आजोबांची कवटी मागितली आहे, २ नोव्हेंबरला घरच्या मांडणीत ठेवायला. त्यांचा एक सुळा सोन्याने मढवलेला होता. सोन्याचा वर्ख पत्र्याबरोबर आक्रसत नाही, त्याला सुरकुत्या पडून तो निघून येतो. म्हणून तो भाजल्यानंतर लावायचा आणि वरून वार्निशचा हात द्यायचा. पण सुळा उजवा की डावा? तिच्या दोन मावश्यांत एकमत नाही. एक म्हणते उजवा, तो बोलताना चमकायचा. दुसरी म्हणते डावा, कारण ती लहानपणी त्यांच्या डाव्या हाताला बसायची आणि तो तिच्या बाजूला होता. दोघींचे फोन चालू आहेत, आता त्यांच्या एका मामेभावालाही विचारलं आहे. मी बाकीची कवटी काढून, भाजून ठेवली आहे. दोन्ही सुळे कोरे ठेवले आहेत.